बरोबरी झाली की शून्य

शशिकांत सरांच्या डीकोडरमध्ये चूक आहे हे जयंतीला शुक्रवारी दुपारी कॉलेजच्या प्रयोगशाळेत कळलं, तेव्हा पहिली शंका तिने स्वतःवरच घेतली. प्रोग्राम पुन्हा चालवला. आलेखावरची रेष परत तिथेच येऊन बसली.

सर तिचे पीएच.डी.चे मार्गदर्शक. निवृत्तीनंतर ते नागपूरला परतले नाहीत. नोकरीच्या या परराज्यातल्या शहरात, राजा पार्कातल्या घरातच राहिले आणि जेवणाच्या अर्ध्या टेबलावर लॅपटॉप मांडून पोलर कोडवर काम करत राहिले. वाटेत बिघडलेला संदेश पलीकडच्या टोकाला दुरुस्त करून घेण्याची ही एक पद्धत. डीकोडर एकेक बिट क्रमाने ठरवत जातो, शून्य की एक, आणि पुढचा प्रत्येक निर्णय आधीच्या निर्णयांवर उभा असतो. एक चुकला की पुढचे बिघडतात. म्हणून चांगले डीकोडर अनेक शक्यता शेवटपर्यंत सांभाळतात, पण त्याला मेमरी फार लागते. सरांचा दावा होता की एकच शक्यता धरूनही जवळजवळ तितकंच अचूक उत्तर काढता येतं, अगदी पाण्याच्या मीटरमधल्या स्वस्त चिपवरसुद्धा. त्यांचा निबंध परिषदेत स्वीकारला गेला होता. बंगळूरला जाऊन ते स्वतः तो मांडणार होते. अंतिम प्रत पाठवण्याआधी ‘एकदा नजर घाल’ म्हणून त्यांनी प्रोग्राम जयंतीकडे दिला होता.

शनिवारी सकाळी गोपालपुऱ्यातल्या आपल्या घरून रिक्षाने सरांकडे येताना ती मनात वाक्यं जुळवत होती. सांगायच्या गोष्टी दोन होत्या. एक म्हणजे चूक. दुसरी म्हणजे मधले आकडे साठवण्याची सरांची युक्ती. ती पक्की होती. एकच शक्यता धरणाऱ्या साध्या डीकोडरइतकंच काम त्यांचा डीकोडर निम्म्याहून कमी मेमरीत करत होता, आणि मीटरसाठी तेवढंही पुष्कळ होतं. चूक आधी सांगावी, असं तिने ठरवलं. तेच तिला प्रामाणिक वाटलं.

“ये. किती चुका काढल्यास?” सरांनी दार उघडत विचारलं. “तुझ्या प्रबंधात मी लाल शाई संपवली होती. आता घे सूड उगवून.”

ती बसली. “सर, चाचणीत तुम्ही सगळी शून्यंच पाठवलीत?”

“मग? रेखीय कोड आहे. एका संदेशाचं जे होतं तेच सगळ्यांचं होतं. तुलाच शिकवलंय की हे मी.”

“हो, शिकवलंय. पण शून्य आणि एक, दोन्हीकडे सारखाच कल आला, बरोबरी झाली, की आपला डीकोडर काय लिहितो?”

सरांचा हात चष्म्यापाशी थांबला. उत्तर त्यांना माहीत होतं. ती ओळ त्यांनीच लिहिली होती.

“शून्य,” ते म्हणाले.

पुढचं तिला सांगावं लागलं नाही. छोट्या चिपसाठी आकडे ठोकळ घेतले होते, म्हणून बरोबरी वारंवार होत होती. प्रत्येक वेळी डीकोडर डोळे मिटून शून्य लिहीत होता, आणि पाठवलेलं शून्यच असल्यामुळे प्रत्येक वेळी तो बरोबर ठरत होता.

“तू काय पाठवलंस?”

“शून्य-एक मिसळून, कसेही.”

“मग? किती उरलं?”

“अचूकतेतला फायदा सगळा गेला, सर. रेष साध्या डीकोडरच्या रेषेवर जाऊन बसते.”

तेवढ्यात मंदाकिनीकाकू आतून बंद गळ्याचा कोट घेऊन आल्या. “हे बघ गं जयंती, कमरेत सैल करून आणला. तरी याहीला म्हटलं, भाषण देताना पोट आत घेऊनच बोला.”

“ठेवून दे तो,” सर म्हणाले. “जायचं नाही आता.”

“काऊन?”

“चुकलं आहे.”

काकूंनी कोट घडी घालून हातावर घेतला आणि जयंतीकडे पाहिलं. “काय सांगून राहिली तू यांना?”

सरांनी लॅपटॉप पुढे ओढला. निबंध मागे घेत असल्याचा मेल त्यांनी तिथेच लिहिला. कारण स्पष्ट, शब्द मोजके, सबब एकही नाही. आपण असा मेल लिहू शकलो असतो का, असं जयंतीच्या मनात येऊन गेलं.

“सर, पण मेमरीचं जे...”

“आता नको, जयंती.”

सरांनी नको म्हटलं की पुन्हा बोलायचं नाही, ही प्रयोगशाळेतली सवय अजून गेली नव्हती. पुढच्या खेपेला सगळं नीट लिहूनच आणावं, असा विचार करून ती उठली.

लिहायला महिना गेला. तिने मेमरीचा भाग वेगळा काढला, बरोबरी झाल्यावर नाणेफेकीसारखा कौल लावला, प्रत्येक आलेख शून्य-एक मिसळून पुन्हा काढला. वर नाव एकच टाकलं, सरांचं.

ती सरांकडे गेली तेव्हा जेवणाचं टेबल पूर्ण मोकळं होतं. तिने कागद पुढे ठेवले. सरांनी पहिलं पान वाचलं, दुसरं नुसतं उलटलं.

“छान केलंयस,” ते म्हणाले. परीक्षेत कमी पडलेल्या मुलाशी ते याच आवाजात बोलत.

“मी नाही केलं. हे तुमच्याच प्रोग्राममध्ये होतं. मला तेव्हाच दिसलं होतं.”

“तेव्हा तू म्हणालीस, फायदा सगळा गेला.”

“अचूकतेतला, सर.”

“हं.” त्यांनी कागद एकसारखे करून तिच्याकडे सरकवले. “म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून इतकं राबू नये, बेटा. छापायचं तर तुझ्या नावाने छाप. माझं काढ.”

“एकदा आलेख तरी बघा.”

“सई कितवीत आहे आता? गणित घेणार म्हणत होती ना?”

मुलगी अकरावीत असल्याचं तिने सांगितलं. चहा झाला. आलेख त्यांनी पाहिले नाहीत.

काकू फाटकापर्यंत आल्या. “खरंच चांगलं आहे का गं ते, की तू आपलं यांच्या समाधानासाठी?”

“खरंच चांगलं आहे, काकू.”

“मग त्याच दिवशी का नाही बोलली? त्या दिवशी त्यांनी ऐकलं असतं.”

रिक्षावाला भैया हॉर्न वाजवत होता. जयंती म्हणाली, “बोलणार होते.” मग काकूंना नमस्कार करून ती रिक्षात बसली.