अंतिम सामन्यातले चार गुण

नेमबाजला घरात आणि बाहेर सगळेच नेमबाज म्हणत. खेळणं सोडून सव्वीस वर्षं झाली, छप्पन्नावं सरलं, जिना चढताना गुडघे कुरकुरायला लागले, तरी नाव काही सुटलं नाही. बास्केटबॉल महासंघाच्या सन्मान दालनात तिचा फोटो लागूनही नऊ वर्षं झाली होती. आता त्या दालनात नवीन कोणाला घ्यायचं हे जे पाच जण ठरवत, त्यांत ती होती. वर्षातून एक बैठक, एक नाव, थोडी बिस्किटं, की हात वर करून सगळे घरी. यंदा नाव आलं गोचिडीचं, आणि गाडी अडली.

गोचीड हे नाव प्रेक्षकांनी ठेवलेलं. समोरच्या संघात जी सगळ्यात जास्त बास्केट करते तिला जाऊन चिकटायचं आणि शेवटची शिट्टी होईपर्यंत सोडायचं नाही, एवढं एकच काम तिनं चौदा वर्षं केलं. स्वतः बास्केट करायची ती चुकूनमाकून. सामन्याला सरासरी तीन गुण. दालनातल्या बाकी कोणाचीही सरासरी चौदाच्या खाली नव्हती.

अध्यक्ष म्हणजे जुने पंच. त्यांचं आणि प्रशिक्षकबाईंचं मत होतं की असा बचाव पुन्हा पाहिला नाही, घ्यायलाच हवं. बातमीदार म्हणाला, लोक तिकीट काढून येतात ते बास्केट झालेली बघायला, न झालेली बघायला नाही. राहिला आकडेवाला. चाळिशीचा, सरळ माणूस, जुने गुणफलक घरी नेऊन वाचणारा. त्यानं सांगितलं की त्या काळी हिसकावलेले चेंडू कोणी लिहून ठेवत नसे, म्हणून त्यानं उलटीकडून हिशेब केला, गोचिडीसमोर इतरांनी किती गुण केले याचा. फरक पडतो, पण पुरेसा नाही. एकच सामना असा आहे की तो धरला तर पारडं फिरतं, तो म्हणजे बत्तीस वर्षांपूर्वीचा अंतिम सामना. त्यात नेमबाजताईंना चारच गुण मिळाले होते, एरवी त्यांची सरासरी बावीस.

"पण तो मी धरू शकत नाही," तो नेमबाजकडे बघून अदबीनं म्हणाला. "तुम्हाला एकशे दोन ताप होता. आजारी खेळाडूला रोखलं, हा काही पुरावा होत नाही."

निवडीला पाचातली चार मतं लागत. दोन होकार, दोन नकार, आणि नेमबाज गप्प. अध्यक्षांनी आठवडाभरानं पुन्हा बसू म्हणून बैठक संपवली.

तिला ताप नव्हता. साधं डोकंही दुखत नव्हतं.

त्या दिवशी सामना हरल्यावर ती कपडे बदलायच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली होती, आणि बाहेर तिच्या प्रशिक्षकांनी बातमीदाराला सांगून टाकलं की पोरीच्या अंगात कणकण होती. तिला वाचवायलाच सांगितलं त्यांनी. दुसऱ्या दिवशी ते छापून आलं. ती चोवीस वर्षांची होती, गप्प राहिली. पुढच्या वर्षी कोणीतरी विचारलं तेव्हा कणकणीचा ताप तिनं स्वतः केला. आणखी काही वर्षांनी त्याला आकडाही तिनंच दिला, कारण आकडा असला की माणसं पुढे विचारत नाहीत. प्रशिक्षक वारले. तिच्या फोटोखालच्या मजकुरात आता तो ताप होता, तोही धातूच्या पट्टीवर कोरलेला.

तो आठवडा तिचा पाय एका जागी ठरला नाही. नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं, ती तिथंच मदत करायची. तिनं काचेच्या कपाटातल्या सगळ्या फ्रेम काढून पुसल्या, रंगांप्रमाणे लावल्या, मग आकारांप्रमाणे लावल्या. गिऱ्हाइकाला डोळे तपासायच्या खुर्चीवर बसवून ती अक्षरांचा दिवा लावायलाच विसरली आणि वर विचारलं, दिसतंय का. दुपारी काही निमित्त काढून बाहेर पडायची, चौकापर्यंत जायची, काय आणायचं होतं ते न आठवून परत यायची.

तिसऱ्या दिवशी तिनं नवऱ्याला सांगितलं. तो भिंग घासत होता. त्यालाही बत्तीस वर्षं तापच माहीत होता. त्यानं यंत्र बंद केलं, भिंग उजेडात धरून पाहिलं, आणि झाकली मूठ झाकलेलीच बरी म्हणाला. तिनं फक्त होकाराचं मत द्यावं. प्रतिस्पर्ध्याला मत दिलं म्हणून चार लोक उलट नावाजतील.

"होकार दिला तरी तीनच मतं होतात," ती म्हणाली. "ती राहतेच बाहेर."

"मग ते काही तुझ्यामुळं नाही ना. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

त्यानं यंत्र पुन्हा सुरू केलं. तिला त्याचा राग आला, कारण नेमकं हेच तिचंही मनात आधी ठरवून झालं होतं.

पाचव्या दिवशी ती गोचिडीला भेटायला गेली. कशाला, ते तिलाही धड सांगता आलं नसतं. गोचीड मोठ्या इस्पितळाच्या धुलाई विभागाची प्रमुख होती. तळघरात ओळीनं यंत्रं घरघरत होती, वाफेनं भिंतींना ओल आली होती, आणि चादरींच्या ढिगाऱ्यापाशी गोचीड एकटी उभी होती. केस पांढरे, बांधा तोच, बुटका आणि रुंद. मदतनीस बाई रजेवर होती. तिनं नेमबाजला पाहिलं, नवल वगैरे काही दाखवलं नाही, आणि चादरीची दोन टोकं तिच्या हातात दिली.

दोघी घड्या घालू लागल्या. चादर ताणायची, मधोमध दुमडायची, मग चालत एकमेकींजवळ यायचं, टोकं द्यायची, पुन्हा मागं जायचं. पंधरा-वीस चादरी झाल्या. शेवटी नेमबाजनं विचारलं, नाव सुचवलंय ते कळलं का. कळलं होतं. मग काय वाटतं, असं विचारल्यावर गोचीड म्हणाली, हवंय. खोटं कशाला बोलू, फार हवंय. लोकांना वाटतं आपल्याला अशा गोष्टींचं काही नसतं.

नेमबाजनं टोकं सोडली. चादर फरशीवर लोळली.

"मला त्या दिवशी ताप नव्हता," ती म्हणाली.

गोचिडीनं चादर उचलली, झटकली, मळलेल्या ढिगात टाकली आणि दुसरी घेतली.

"माहितीये. पूर्ण सामना माझा हात तुझ्या हाताला लागत होता. तुझं अंग गार होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"कोणाशी बोलू? बातमीदार तुमच्या खोलीबाहेर उभा होता, माझ्याकडे कोणी आलंच नाही. मला वाटलं, तुला माहितीये, मला माहितीये, तेवढं पुरे." तिनं आपली टोकं ताणली. "पुरे नव्हतं. ते मागाहून कळलं. टोकं धर नीट."

यापुढे ती त्या विषयावर एक अक्षर बोलली नाही. सांग म्हणाली नाही, सांगू नकोस म्हणाली नाही. तिनं नेमबाजच्या गुडघ्यांची चौकशी केली, स्वतःच्या कमरेचं सांगितलं, आणि निघताना दारापर्यंत आली. नेमबाज रस्त्यावर आली तेव्हा तिला वाटलं, गोचिडीनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. बसची वाट बघत थांबवेना, म्हणून ती चालतच घरी गेली.

बैठकीच्या दिवशी ती अर्धा तास आधी पोचली. बाकीचे येईपर्यंत तिनं खोलीच्या दोन्ही खिडक्या उघडल्या, एक बंद केली, खुर्च्या सरळ केल्या. अध्यक्षांनी विषय काढला तसं तिनं बसून बोलायचं ठरवलेलं विसरून उभं राहून सांगितलं. ताप नव्हता. आकडा मी रचला. मला आजारानं नाही, तिनं रोखलं.

बातमीदाराचा चेहरा उतरला. त्या दिवशी खोलीबाहेर उभा असलेला तोच होता, आणि ती बातमी त्याची पहिली मोठी बातमी होती. त्यानं विचारलं, हे आत्ताच का. एवढी वर्षं फोटोखालचा मजकूर वाचताना काही वाटलं नाही का. प्रश्न रास्त होता. तसं ती म्हणालीही. अध्यक्षांनी विचारलं की हे इतिवृत्तात लिहायचं का, की आपल्यातच ठेवायचं. ती म्हणाली, लिहा.

आकडेवाल्यानं वही उघडली. पेन्सिलीनं काहीतरी खोडलं, काहीतरी मांडलं, बराच वेळ लावला.

"मग तो सामना धरावा लागेल," तो म्हणाला आणि त्यानं हात वर केला.

चार विरुद्ध एक. बातमीदार शेवटपर्यंत नकारावर ठाम राहिला, आणि जाताना त्यानं नेमबाजकडे पाहिलं नाही.

वाटलं होतं, सांगितलं की छातीवरचा धोंडा उतरेल. पण जीव थाऱ्यावर येईना. बातमी पसरायच्या आत मुलीला सांगायला हवं होतं. मुलगी गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची, रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायची. दुसऱ्या दिवशी सकाळीच नेमबाज तिच्या दारात उभी राहिली. मुलगी कामावर निघायच्या घाईत होती, एका हातानं केस विंचरत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. कंगवा हातातच राहिला.

मग तिनं जे सांगितलं ते नेमबाजला ठाऊक नव्हतं. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत गणिताच्या पेपरला मुलीला ताप होता. खरा, थर्मामीटर लावून पाहिलेला, एकशे तीन. तिनं कोणाला कळू दिलं नाही. पेपर लिहिला, आणि शाळेच्या जिन्यात चक्कर येऊन पडली. घरी सांगितलं, पाय घसरला.

"आई करू शकते तर मी का नाही, असं वाटलं होतं," ती म्हणाली. "तुझ्या त्या आकड्यावर एक चढवून दाखवलं."

नेमबाज पुढं झाली, तशी मुलगी मागं सरली. आज नको, म्हणाली. उशीर होतोय. तिनं पर्स घेतली, दोघी बाहेर आल्या, मुलीनं कुलूप लावलं आणि भराभर निघून गेली.

अकरा दिवस तिचा फोन आला नाही. नेमबाजनं केला तर उचलला नाही. जावई तेवढा बोलायचा, ठीक आहे म्हणायचा. वर्तमानपत्रात दोन रकाने आले. दुकानात एक म्हातारं गिऱ्हाईक चष्मा न घेताच परत गेलं, जाताना म्हणालं की मी त्या सामन्याला होतो आणि तुमच्यासाठी रडलो होतो. नवरा तिला गल्ल्यापाशी बसवून स्वतः पुढं उभा राहू लागला. तिला बसवत नव्हतं, तरी ती बसली.

बाराव्या दिवशी दुपारी मुलीचा फोन आला. आवाज कोरडा होता. कशी आहेस वगैरे नाही.

"ते चार गुण कसे झाले ते सांग. आणि खरं सांग."

नेमबाज फोन घेऊन दुकानाच्या मागच्या बाजूला गेली. तिनं सुरुवातीपासून सांगायला घेतलं. पहिल्या मिनिटापासून जिथं पाय टाकावा तिथं गोचिडीचा पाय आधीच असायचा. ती चेंडूकडे बघायचीच नाही, कमरेकडे बघायची. डावीकडे हूल दिली तरी हलायची नाही, खरंच डावीकडे निघालं की मात्र समोर. ती ढकलत नव्हती, ओढत नव्हती. पंचांकडे तक्रार करावी तर करायला काही नव्हतं. मध्यंतरात आपण पाण्याचा पेला भिंतीवर फेकला होता, हेही तिनं सांगितलं. ते आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

"आणि गुण?" मुलीनं विचारलं.

"दोन फ्री थ्रोचे, त्यांची दुसरीच एक मला आदळली म्हणून. तिथं कोणी अडवायला येत नाही."

"उरलेले दोन?"

"तिच्या बुटाचा तळ सुटला होता. बदलायला ती बाकावर गेली, दीड मिनिट. तेवढ्यात एक बास्केट झाली."

मुलीनं मनात हिशेब केला.

"म्हणजे तिच्यासमोर शून्य."

"शून्य," नेमबाज म्हणाली.

"हे त्या आकडेवाल्याला माहितीये?"

नव्हतं. गुणफलकावर नुसता चार होता. मुलगी म्हणाली की मग त्याला सांगायला हवं, आणि संध्याकाळी कामावरून सुटल्यावर मी येते, दोघी मिळून जाऊ. नेमबाज हो म्हणाली. फोन ठेवून ती पुढं आली, घड्याळात बघितलं तर जेमतेम अडीच वाजले होते.