ट्रेमधले तास

प्रसूतिकक्षात चार टेबलं होती, चारही टेबलांवर पहिलटकरणी होत्या, आणि सिंकच्या कडेला अकरा ट्रेंमध्ये बायकांच्या अंगातून निघालेले सव्वीस तास ठेवलेले होते. शलाकाने ते दोनदा मोजले.

कळांचा वेळ कमी करणाऱ्या इंजेक्शनचा अभ्यास चालू होता. नुकतीच एम.एस्सी. झालेली शलाका त्याच्या नोंदी ठेवायची. सुई टोचली की दहा मिनिटांत बाईचे दोन-तीन तास अंगावेगळे व्हायचे आणि मागोमाग बाळ यायचं. एकेक तास मुठीएवढा, करडा, कोमट. वर साय धरलेली. वास दमट राहिलेल्या बोळ्यांचा. शलाका तोंडाने श्वास घेत त्यांचं वजन करी. ट्रेमध्ये पडल्यावरही ते दर तीन मिनिटांनी आवळायचे आणि सैल पडायचे, ते तिला बघवत नसे.

"बाई सुटली तरी ह्यांचं आपलं चालूच," फरशी पुसताना हौसामावशी म्हणायची. "वार तरी घरचे नेतात पुरायला. हे मेलं कोण नेतंय?"

डॉक्टर बिवलकर दारातूनच विचारायचे, "सरासरी?"

"दोन तास बावीस मिनिटं कमी, सर."

"छान."

चौथ्या टेबलावर शलाकाची सख्खी बहीण होती, वसुधा. पहाटेपासून कळा सोसून तिने ओठ चावून फोडले होते.

"शले, दे ना गं ते इंजेक्शन."

"ताई, काय निघतं ते बघितलंस ना?"

"तुला किळस येते म्हणून मी मरू का?"

शलाकाने मान डोलावली. सिस्टर लोबोने सुई टोचली. ताईचे तीन तास ट्रेमध्ये पडले आणि पाठोपाठ मुलगी झाली, रडलीही.

"संपलं?" ताईने विचारलं.

"तुझं संपलं."

दर वजनाला दोन-अडीच ग्रॅम साय हातमोज्यांना चिकटून राहायची. इतके दिवस शलाकाने ती चूक खपवून घेतली होती. ताईच्या आकड्यात तिला ती नको होती. तिने मोजे काढले आणि बोटांनी ट्रे निपटून सगळं काट्यावर ठेवलं.

हात मात्र सुटेनात. तास तळव्यांत जिरू लागले. काट्यावर दोनशे सत्तर ग्रॅम होते, मग एकशे ऐंशी, मग चाळीस, मग शून्य.

"उघड्या हातांनी धरलंस?" मावशी दोन पावलं मागे सरली. "अगं पोरी, लग्न व्हायचंय तुझं."

तिसऱ्या मिनिटाला शलाकाच्या ओटीपोटात आवळून आलं. तिने घड्याळ बघून वेळ टिपली. पुढच्या कळेला तिने सिंककडे पाहिलं. तिथले सव्वीस तास तिच्याबरोबर आवळत होते, तिच्याबरोबर सैल पडत होते.

"ताई, जरा सरक."

ती ताईशेजारी आडवी झाली. ताईने पोरीला पदराखाली घेतलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"शले, घाण वास येतोय गं तुला."

डॉक्टर दारात आले. "हिची कितवी खेप?"

"पहिलीच," सिस्टर लोबो म्हणाली.

"मग इंजेक्शन द्या."

"नको," शलाका दात आवळून म्हणाली. "पडतील ते तास मग कोण उचलणार?"

सगळ्यांनी मावशीकडे पाहिलं. मावशीने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

सिस्टर लोबोने मोज्यांची नवी जोडी चढवली, शलाकाला तपासलं आणि पिशवीचं तोंड किती उघडलंय ते तक्त्यावर लिहिलं: चार सेंटिमीटर.