मोरीतला भात

माईंच्या धाकट्या लेकीचं लग्न ठरलं त्याच वर्षी त्यांच्या खोलीतली मोरी तुंबली. स्थळ मनासारखं होतं, तारीख धरली होती, पाहुण्यांना अंथरुणं कुठं घालायची याची बोलणी चालली होती, आणि मध्येच हे. अंघोळीचं पाणी घोट्यापर्यंत उभं राहायचं आणि संध्याकाळी वास सुटायचा.

मोरी का तुंबली, हे घरात एकट्या माईंना ठाऊक होतं.

कित्येक दिवस त्यांना घास उतरत नव्हता. पाणी जायचं, दूध जायचं. भात मात्र छातीशी येऊन अडायचा आणि परत वर यायचा. गुडघ्यांचं निमित्त सांगून त्यांनी ताट आपल्या खोलीत मागवायला सुरुवात केली होती. दार लोटायच्या, मोरीची जाळी उचलायच्या आणि भात आत सोडायच्या. स्वयंपाकघरातली मोरी सून रोज स्वतःच्या हातानं साफ करायची, तिथं एक शीतही लपलं नसतं. वाहून जावं म्हणून त्या वरून तांब्याभर कढत पाणी ओतायच्या. जन्मभर भात रांधलेल्या बाईला कळायला हवं होतं की कढत पाण्यानं भाताची खळच होते. पण भीतीनं माणसाची अक्कल चरायला जाते.

भीती मरणाची नव्हती. मागं एकदा धाकटीचं ठरत आलेलं लग्न माईंचा पाय मोडला म्हणून फिसकटलं होतं. आई अंथरुणात असताना मी कुठं जाणार नाही, असं ती म्हणाली होती. आता हे कळलं तर पोरगी पुन्हा तेच म्हणेल आणि जन्मभर घरात राहील, असं माईंनी मनाशी धरलं होतं. लग्न लागेपर्यंत तोंडाला कुलूप, मग काय व्हायचं ते होवो.

"तारवाल्याला बोलावते," सून म्हणाली. तारवाला म्हणजे खालच्या गल्लीतला मोऱ्या साफ करणारा. सायकलवरून फिरायचा, खांद्यावर जाड तारेचं वेटोळं.

"कशाला बाहेरचा माणूस? मी काठीनं ढोसते."

"ढोसून ढोसून तुम्हीच ते पुढं सारलंय. आता कोपऱ्यावर ठाण मांडून बसलंय."

"मग लग्नानंतर बोलाव."

"आणि पाहुणे अंघोळ कुठं करतील? माझ्या डोक्यावर?"

बाहेरून माईंचा थोरला, सुनेचा नवरा, म्हणाला, "बोलाव गं. सगळ्या जगाला आमंत्रणं गेलीत, त्याला एक गेलं तर काय बिघडलं?"

तारवाला आला तेव्हा माईंनी त्याला दारातच गाठलं. "हे बघ बाबा, जे निघेल ते परस्पर नेऊन टाक. कोणाला दाखवत बसू नकोस."

"तसं नाही चालत, आजी. एका घरी न दाखवता टाकलं, तर म्हणाले, यानं काहीच काढलं नाही, नुसती फुंकर मारली. तेव्हापासून निघालेलं कागदावर मांडतो, घरच्या बाईला दाखवतो, मगच हात धुतो."

त्यानं पाणी उपसलं, तार सोडली, मूठ फिरवत राहिला. तार कोपऱ्यावर अडली. मग बाहेर जाऊन त्यानं खिडकीखालच्या वळणाचं झाकण उघडलं, खाली बादली धरली आणि बोटांनी ओढलं. गिलाव्यासारखा पांढरा लगदा निघाला. तो त्यानं माईंच्या खोलीतच जुन्या वर्तमानपत्रावर पसरला.

"ताई, न्हाणीत स्वयंपाक करता की काय? ना केस, ना साबण. भात आहे हा. थरावर थर. जाळी उचलायची नाही, अन्न सोडायचं नाही, आणि आठवड्याला बादलीभर साधं पाणी एकदम ओतायचं. मग मला बोलवायची वेळ येणार नाही."

माई खाटेवर बसून भिंतीकडे बघत होत्या. सून कागदापाशी उकिडवी बसली.

"काय निघालं गं?" थोरल्यानं बाहेरून विचारलं.

"केस," ती म्हणाली. "माझेच."

तारवाल्यानं तोंड उघडलं. "काका, हात धुवा, चहा टाकते," सून त्याला म्हणाली.

"चहा घेतो. पण केस नव्हते, हे सांगून ठेवतो. उद्या पुन्हा तुंबलं तर माझ्या नावानं शंख नको."

तो गेल्यावर तिनं दार लावलं.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"माई, ताट रोज चाटूनपुसून परत यायचं. मला वाटलं, चला, माझ्या हातचं एकदाचं आवडायला लागलं."

"आवडत होतंच. बोलले नाही कधी." माईंना हसू आलं, त्याचा ठसका लागला. मग त्यांनी घास कसा अडतो ते सांगितलं. "धाकटीला मात्र कळू देऊ नकोस. लग्न होऊ दे."

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही."

"ती मोडेल गं."

"मोडेल नाहीतर ठेवेल. तिचं तिला ठरवू दे. नंतर कळलं तर ती या घराची पायरी चढायची नाही. थोरल्याशी खोटं बोलले तुमच्यासाठी. तिच्याशी नाही बोलणार."

"शेवटी परक्याची पोर ती परक्याचीच," माई म्हणाल्या.

सुनेनं दार उघडलं आणि धाकटीला हाक मारली.

धाकटीनं सगळं उभ्यानंच ऐकलं. आधी आईवर चिडली, मग शेजारी बसली. "तुझा पाय मोडला तेव्हा मी तुझं नाव पुढं केलं. मला ती माणसंच नको होती. तुला सांगायचं धाडस झालं नाही."

"मग इतकी वर्षं मी माझ्या पायाला दोष देतेय?"

"दे की. पाय काय उलटून बोलतोय?"

तिनं होणाऱ्या नवऱ्याला फोन लावला. लग्न मोडलं नाही, अलीकडं आलं. वाटलेली आमंत्रणं फुकट गेली, थोरल्यानं चारचौघांत कुरकुर केली आणि घरात तोच पाहुण्यांना पुन्हापुन्हा फोन करून बदल कळवत बसला. बाहेरच्या खोलीत मावतील तेवढ्या माणसांत लग्न झालं. माई खुर्चीवर बसून होत्या. दूधही थेंबाथेंबानं घ्यावं लागत होतं, पण त्या शेवटपर्यंत बसल्या.

लग्नाआधी दाखवून आणलं तेव्हाच डॉक्टरांनी अन्ननलिकेत गाठ आहे म्हणून सांगितलं होतं. लग्नानंतर माईंना दवाखान्यात ठेवलं, पोटात नळी घातली. मधून मधून घरी येत, सुनेला नळीतून पेज घालायची पद्धत स्वतः शिकवत, जणू तीच त्यांची पाककृती. पुढच्या थंडीत, एका मंगळवारी दुपारी, माई गेल्या. तेव्हा धाकटी आणि सून दोघी जवळ होत्या.