तीन पौंडांचा मासा

मासेमारीच्या कार्बनच्या कोऱ्या काठीचा कणा शोधायला डोळे लागत नाहीत. तिचे जाड टोक जमिनीवर टेकवायचे, निमुळते टोक एका हातात धरायचे, दुसऱ्या हाताच्या तळव्याने मधोमध दाबून ती वाकवायची आणि सावकाश फिरवत राहायचे. एका जागी ती अंगात आल्यासारखी उसळते आणि स्थिर होते. तोच तिचा कणा. दोरी ओवायच्या कड्या त्या रेषेत बांधल्या नाहीत, तर मोठा बास मासा गळाला लागताच काठी मुठीत पिळवटते. हॉलिस टिडवेलने उभ्या जन्मात अशा किती काठ्या बांधल्या याची मोजदाद नव्हती. धरणाच्या त्या जलाशयावर त्याच्या हातची काठी नसलेली बोट मात्र क्वचितच दिसे.

त्या उन्हाळ्यात गॅरेजमध्ये नवी काठी फिरवताना तो मध्येच थांबला. काठी उसळली की आपला हात, हे त्याला कळेना.

“डार्ला,” त्याने घरात हाक मारली. “जरा इकडे ये.”

त्याची मुलगी शाळेची बस चालवीत असे; सुट्टीचे दिवस म्हणून ती घरी होती. ओले हात पुसत ती आली, काठी हातात घेऊन तिने दोनदा फिरवली आणि पेन्सिलीने खूण केली.

“इथं.”

“मलाही तिथंच वाटत होतं.”

“मग मला कशाला बोलावलंत, डॅडी?”

त्याने काठी परत घेतली आणि खुणेवर पहिली कडी धरून पाहिली.

ही काठी साधी नव्हती. मार्चमध्ये बोट पाण्यात सोडताना हॉलिस धक्क्यावरून घसरून पडला होता. पाणी बर्फासारखे होते. डार्लाने त्याला कॉलर धरून ओढून काढले, तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते आणि हाताचा रोजचा कंप सगळ्या अंगात पसरला होता. त्यानंतर ती बोट विकायचा हट्ट धरून बसली. बाप ऐकेना. शेवटी चर्चच्या जेवणघरात, तळलेल्या भेंडीच्या ताटांवरून, सगळ्यांसमक्ष दोघांत करार झाला. मासेमारी क्लबच्या ऑक्टोबरच्या स्पर्धेत हॉलिसने स्वतःच्या हाताने, कुणाला काठीला हात लावू न देता, पाच पौंडांवरचा एक तरी मासा आणायचा. आणला, तर बोट राहील आणि डार्ला पुन्हा विषय काढणार नाही. नाही आणला, तर बोट जाईल आणि हॉलिस पुन्हा विषय काढणार नाही.

“मासा जिवंत पाहिजे बरं का, मिस्टर हॉलिस,” क्लबचा रॉयस गिलिलंड म्हणाला होता. “मासळीबाजारातला चालणार नाही.”

ऑक्टोबरात पाणगवताची जाड साय पृष्ठभागावर धरते आणि बास तिच्याखाली दबा धरून बसतो. सायीवरून रबरी बेडूक नाचवत आणायचा. खालून मासा स्फोटासारखा वर येतो आणि बेडूक घेऊन पुन्हा गवताच्या मुळांत घुसू पाहतो. त्याला तिथल्या तिथे उचलावे लागते. हॉलिसची जुनी काठी त्या कामाला मऊ होती आणि तिच्यावरचा नायलॉनचा तंगूस ताणला की लांबत असे. म्हणून त्याने जाड, ताठ काठी निवडली. तिला कड्या बांधायला त्याला जवळजवळ सगळा उन्हाळा लागला. रेशमी धागा एकावर एक चढे. तो उलगडून पुन्हा गुंडाळी. राळेचा हात देताना ब्रश थरथरे आणि थेंब ओघळत. मुठीजवळची पहिली कडी तर अशी गाठाळ झाली, की दुसऱ्या कुणाची असती तर त्याने ती परत पाठवली असती. पण कणा अचूक होता. काठी तोलायला बोटावर आडवी धरली की ती हलेना. हलत होते ते बोट.

“दोरी बदला, डॅडी,” डार्लाच म्हणाली. “विणीची दोरी घ्या. ती लांबत नाही. मासा नुसता श्वास घेईल तरी हाताला कळेल.”

त्याला बरे वाटले. करार झाल्यापासून ती पहिल्यांदाच त्याच्या बाजूने बोलली होती. नवी दोरी तिनेच आणली. त्याच्या जुन्या, आवडत्या रिळात ती भरायला तो बसला. पण ओली केलेली बारीक दोरी बोटांतून सुटून खुर्चीखाली गेली, तेव्हा डार्लाने रीळ त्याच्या हातून काढून घेतले.

“द्या इकडे. माझंही भरायचंय. दोन्ही एकदमच भरते.”

स्पर्धेच्या सकाळी पाण्यावर धुके होते. क्लबच्या नियमाप्रमाणे एका बोटीत दोघे. डार्ला बोट हाकत होती, हॉलिस पुढच्या फळीवर उभा होता. पहिल्या दोन तासांत त्याने दोन लहान मासे आणले. काठीने आपले काम केले, रिळानेही केले.

“कॉफी?” तिने विचारले.

“आत्ता नको. त्या बुंध्यापाशी चल.”

बुडालेल्या झाडाच्या बुंध्यापाशी साय हिरवीगार आणि जाड होती. बेडूक तीन उड्या मारून थांबला, आणि गवत फुटले. मासा अख्खा हवेत आला. हॉलिसला फक्त रुंद, काळसर कूस दिसली आणि मग काठी थेट बुचाच्या मुठीपर्यंत वाकली. अशी ती वाकेल हे त्याला बांधतानाच ठाऊक होते. त्याने पाय रोवले आणि रिळाची मूठ फिरवू लागला.

मूठ फिरत होती आणि दोरी येत नव्हती.

“घसरतंय!” तो ओरडला. “डार्ला, रीळ घसरतंय!”

“फिरवा, डॅडी, फिरवा!”

तो फिरवत होता. निदान त्याला तसे वाटत होते. डार्ला हातजाळे घेऊन काठावरून वाकली. मासा आपणच बोटीकडे धावत आला, हातभर अंतरावर एकदा कुशीवर वळला, तिने पाहिला. मग तो खाली वळला, दोरी एकसारखी जात राहिली, गवताच्या मुळांत कुठेतरी ताण संपला आणि काठी एकाएकी सरळ झाली.

हॉलिस आपल्या उजव्या हाताकडे पाहत उभा राहिला. हात अजून मूठ फिरवीत होता.

वजनकाट्यापाशी सगळे जमले होते. हॉलिसने रीळ घसरल्याचे सांगितले. कुणी तोंड फिरवून हसले, कुणी तसे केले नाही.

“खरंय, मिस्टर हॉलिस,” रॉयस टोपी काढून म्हणाला. “माझ्या आजोबांच्या वेळेपासून या पाण्यात माणसाच्या हातून एकही मासा सुटलेला नाही. प्रत्येक वेळी रीळच नडलंय.”

“अरे, त्यांना बेडूक तरी कशाला लागतो?” मागून कुणीतरी म्हणाले. “दोरी नुसती पाण्यात धरली तरी आमिष आपोआप नाचतं!”

या वेळी सगळेच हसले. हॉलिसने डार्लाकडे पाहिले. तिने काठी घेतली, रिळाच्या फिरकीवर, गुंडाळलेल्या दोरीवर, अंगठा ठेवला आणि सर्वांसमक्ष दोरी जोरात ओढून दाखवली. दोरी तसूभर सरकली नाही.

“घट्ट आहे, डॅडी,” ती हळू आवाजात म्हणाली.

“केवढा होता?” रॉयसने तिला विचारले.

“तीन पौंडांचा असेल.”

नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या आधीच रॉयसने बोट विकत नेली. जाताना त्याने हॉलिसशी हस्तांदोलन केले आणि स्वतःचाच हात मुद्दाम थरथरवून डोळे मिचकावले. हॉलिसने तोही विनोद ऐकून घेतला. शब्द दिला होता, विषय काढायचा नव्हता. मात्र त्या दिवसापासून तो हाताला हात मानीनासा झाला. गॅरेजमध्ये अर्धवट बांधलेली एक काठी होती, ती त्याने तशीच उभी ठेवली. शर्टाची बटणे तो अडखळत का होईना लावीत असे, तेही सोडले. डार्ला लावून देऊ लागली. काटाचमचा सोडून तो नुसत्या चमच्याने खाऊ लागला. क्लबच्या बैठकीला गेला नाही. ज्या हाताने असा मासा सोडला तो आणखी काय धरणार, असे त्याने मनाशी ठरवून टाकले होते.

जानेवारीत चर्चने जुन्या वस्तूंची विक्री ठेवली. तिथे ते रीळ देऊन टाकावे म्हणून हॉलिसने खाली उतरवले. दोरी नवी होती. ती तरी काढून ठेवू म्हणून त्याने टोक धरून ओढले. रिळाची पकड, दोरी रोखणारा चाप, पूर्ण आवळलेली होती, फिरकी जागची हलली नाही, तरी दोरी आली. त्याने चष्मा लावला आणि पुन्हा ओढले. फिरकी स्थिर होती. तिच्यावरचा दोरीचा सगळा गठ्ठा, सुकलेल्या बोटातल्या अंगठीसारखा, गरगर फिरत होता.

सगळी दोरी उलगडायला त्याला बराच वेळ लागला. खाली नुसता गुळगुळीत धातू होता.

विणीची दोरी धातूला धरत नाही. म्हणून आधी तंगुसाचे काही वेढे द्यायचे, तो धातूला चिकटून बसतो. दोरी त्याला बांधायची. हे त्याने डार्लाला शिकवले तेव्हा तिचे पाय खुर्चीवरून जमिनीला टेकत नव्हते. विसरली असेल, असे त्याने स्वतःला सांगितले. घाईत होती. मग तो उठला आणि खुंटीवरचे तिचे रीळ काढून आणले. त्याच दिवशी, त्याच टेबलावर, तिने ते भरले होते. त्याने ओढले. दोरी करकचून बसलेली होती. तेव्हा त्याला वजनकाट्यापाशी फिरकीवरच्या दोरीवर दाबून ठेवलेला तिचा अंगठा आठवला.

त्याने दोन दिवस काही विचारले नाही. रविवारी सकाळी चर्चला निघताना ती त्याच्यासमोर उभी राहून शर्टाची बटणे लावत होती.

“केवढा होता तो?”

“कोण?”

“मासा.”

“तीन पौंडांचा. तेव्हाच सांगितलं की. हनुवटी वर करा.”

“ती काठी मी बांधलीय, डार्ला. तीन पौंडांना ती मुठीपर्यंत वाकत नाही.”

तिची बोटे शेवटच्या बटणावर थांबली.

“रिळात खाली तंगूस घातला नाहीस,” तो म्हणाला. “विसरलीस का गं?”

त्याने तिच्यासाठी पळवाट ठेवली होती. तिने ती घेतली नाही.

“नाही विसरले.”

“मग भांडायचंस. बोटीची किल्ली तळ्यात फेकायचीस.”

“तुम्ही दुसरी करून आणली असती. रोज बसमध्ये लोकांची पोरं घेऊन जाते, डॅडी, आणि डोक्यात एकच, आज तुम्ही एकटे पाण्यावर गेला असाल का. मार्चमध्ये तुमचे निळे ओठ तुम्ही पाहिले नाहीत. मी पाहिले.”

“मला वाटलं, माझा हात गेला.”

“गेलाच आहे. मी फक्त थोडं आधी सांगितलं.”

हे बोलल्यावर तिचा चेहरा उतरला. पण शब्द तिने परत घेतले नाहीत.

“मी आज सगळ्यांना सांगेन,” हॉलिस म्हणाला. “रॉयसलासुद्धा.”

“सांगा ना. काय सांगाल? रीळ घसरलं म्हणून? ते त्या दिवशीच सांगून झालंय.” तिने बटण लावले. “तुम्ही त्यांच्या जागी असता तर विश्वास ठेवला असता?”

नसताच ठेवला. अशा किती जणांना तो स्वतः हसला होता.

मग तो गॅरेजमध्ये गेला आणि रिकामे रीळ, तंगूस, दोरी आणि काठी घेऊन आला.

“भर.”

“चर्चला उशीर होईल.”

“होऊ दे. माझ्यासमोर भर.”

तिने भरले. आधी तंगूस, मग गाठ, ओठांनी ओली करून आवळलेली, मग दोरी. सगळे त्याने शिकवलेल्या क्रमाने, सफाईने. तो प्रत्येक वेढा पाहत होता. भरून झाल्यावर त्याने दोरी कड्यांतून ओवायला लावली, टोक स्वतःच्या पंजाभोवती गुंडाळले आणि तिला मागच्या अंगणात नेले. काठी तिच्या हाती देऊन तो दोरी घेऊन पेकानच्या झाडापर्यंत चालत गेला. काठीचा शेंडा त्याच्या हाताबरोबर थरथरत होता.

“पकड आवळ. आणि आता खोटं बोलू नकोस.” त्याने पाऊलभर मागे जाऊन ओढले. शेंडा वाकला. “एवढा होता?”

“डॅडी, ती दोरी हात कापते.”

“एवढा?”

“...नाही.”

तो आणखी मागे रेलला. काठी मध्यापर्यंत वाकली. रीळ हूं की चूं करत नव्हते. “एवढा?”

डार्ला दोन्ही हातांनी काठी धरून उभी होती. हो म्हटले की तो थांबणार होता, हे तिला समजत होते. तिने त्याच्या डोळ्यांकडे पाहिले.

“नाही.”

दोरी पंजात रुतली. काठीच्या मुठीवर डार्लाची बोटे आवळली गेली, आणि पेकानखाली, त्याच्या पंजातून निघालेली लाल धार तिने नुकतेच बटण लावलेल्या पांढऱ्या बाहीवर उतरली. तो सगळ्या वजनानिशी मागे झुकला. काठी थेट बुचाच्या मुठीपर्यंत वाकली, पहिल्या गाठाळ कडीपाशी राळ करकरली.

“एवढा?”

“हो,” ती म्हणाली. “एवढा. याहून मोठा मी कधी पाहिला नाही.”

शेंडा निश्चल होता. तो थरथरायचा कधी थांबला हे दोघांपैकी कुणालाच कळले नव्हते. हॉलिस ते पाहत तसाच उभा राहिला, दोरी सैल न सोडता. चर्चची घंटा वाजून गेली. शेजारच्या अंगणापलीकडून रॉयसची गाडी मागे हॉलिसचीच बोट बांधून पाण्याकडे निघाली होती. त्याने भोंगा वाजवून हात हलवला.

डार्लाने काठी गवतावर ठेवली तेव्हा ताण गेला आणि हॉलिसचा हात पुन्हा थरथरू लागला. ती जवळ आली आणि त्याच्या पंजाभोवतीची दोरी एकेक वेढा करून सोडवू लागली. त्याने हात मागे घेतला नाही, तिच्याकडे पाहिलेही नाही.