पिसूचा धर्मबाप

सार्जंटीण कुणाची कुत्री, तर सगळ्या गावाची. बाजारात खायची, चर्चच्या पायरीवर झोपायची, टपालवाल्यावर भुंकायची. पण बाळंतपणाला मेलीला माझीच गिरण आठवली. नोव्हेंबरातला मृतांचा सण होऊन पंधरा दिवस झाले होते. सकाळी मोटर सुरू करायला गेले तर रिकाम्या पोत्यांच्या ढिगातून चूं चूं ऐकू आलं. मला वाटलं उंदीर. काठी घेऊन पोतं उचललं, तर पाच पिल्लं ओळीनं दूध पीत होती, आणि सार्जंटीण माझ्याकडे अशी बघत होती, की दार न वाजवता आत आल्याबद्दल मीच तिची माफी मागावी.

"ब्रिहिदा!" मी बहिणीला हाक मारली. "ये, बघ, पाहुणे आलेत."

ब्रिहिदा माझ्याहून तीन वर्षांनी मोठी आणि तीसपट आळशी. ती कपातली कॉफी पीत पीत आली. "किती दिवस राहणारेत?"

"आठ आठवडे तरी."

"मग पाहुणे कसले? भाडेकरू म्हण. आणि भाडं देतील असं काही वाटत नाही."

भाडं कसलं देतायत! तेराव्या दिवशी डोळे उघडले आणि त्याच दिवसापासून माझे मिटायचे बंद झाले. तोर्तिया, म्हणजे मक्याच्या भाकऱ्या, करायला चुन्यात उकडलेला मका बादल्यांतून घेऊन बायका पहाटे सहाला दळायला येतात. त्या रांगेत हे पाच जण कुणाच्या परकराला लोंबकळ, कुणाच्या चपलेत मूत, असे धंदे करत. एकदा सुताराची बायको घरी जाऊन परत आली. का, तर पिठाच्या बादलीत एक पिल्लू शांतपणे झोपलेलं. "हे मी आणलेलं नव्हतं," म्हणाली. ब्रिहिदाच्या नव्या बुटांचा एक पाय त्यांनी खाल्ला. दुसरा ठेवला, म्हणजे तिला रोज बघून रडता यावं.

सगळ्यांत धाकटी मुठीएवढी होती. तिला आम्ही पिसू म्हणायचो. भावंडं तिला आचळाला लागू देत नसत, म्हणून तिला बोटानं दूध चाटवावं लागे. एर्मिलो गिरणीत असला की ते काम तोच करायचा.

आता एर्मिलोबद्दल सांगते, आणि सरळच सांगते. मी चोपन्न वर्षांची आहे, नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, आणि मला तो माणूस हवा होता. झालं सांगून.

गिरणीच्या दगडांना टाकी लावणारा आमच्या सगळ्या खोऱ्यात तो एकटाच. दगडाची खाच बुजली की मका रगडला जात नाही, म्हणून दर पंधरा दिवसांनी टाकी लावायची असा नियम. गेलं वर्षभर हा दर चौथ्या दिवशी हजर. टोपी हातात घेऊन दारात उभा राहायचा आणि अदबीनं म्हणायचा, "डोन्या लेओकादिया, पीठ जरा जाड येतंय असं कानावर आलं." कुणी सांगितलं त्याला, देव जाणे. मग छिन्नी घेऊन बसायचा, दोन तास ठाक ठाक, आताशा मध्ये पिसूला दूध, आणि जाताना "येतो". एवढंच! वर्षभरात या पलीकडे एक अक्षर नाही.

"या वेगानं दगडांचे बटाटे होतील," ब्रिहिदा म्हणायची. "तूच विचार की त्याला."

"मी? बाईमाणसानं? आधी मला गिरणीत घालून दळून काढ!"

तर आता माझा मूर्खपणा ऐका. मागच्या खेपेला सार्जंटिणीची चार पिल्लं लोकांनी हौसेनं नेली, आणि दोन महिन्यांत त्यांतली तीन रस्त्यावर उकिरडा फुंकताना दिसली. या वेळी मी ठरवलं, असं होऊ द्यायचं नाही. आमच्याकडे माणूस शेजाऱ्याला फसवेल, सख्ख्या भावाला फसवेल, पण कोंपाद्रेला नाही. बाप्तिस्म्याला मूल ज्यानं हातात धरलं तो मुलाचा धर्मबाप, आणि आईबापांचा कोंपाद्रे. बाई असेल तर कोमाद्रे. एकदा हे नातं जडलं की मरेपर्यंत भांडण नाही, अरेतुरे नाही. मग काय, मोटर बंद केली, मक्याच्या पोत्यावर उभी राहिले आणि रांगेतल्या बायकांना ओरडून सांगितलं:

"सतरा जानेवारीला, संत आंतोनिओच्या दिवशी, पाद्री जनावरांवर पाणी शिंपडतात. त्या पाण्याखाली पिल्लू ज्याच्या हातात असेल, तो त्याचा धर्मबाप आणि माझा कोंपाद्रे! अगदी पोटच्या पोराच्या बाबतीत असतो तसा. मी कधीही घरी येऊन पिल्लू बघेन. ज्यांना हा पोरखेळ वाटतो, त्यांनी मांजर पाळावं!"

टाळ्या पडल्या. मी स्वतःवर इतकी खूश झाले की विचारू नका.

पहिली पुढे आली ती समोरच्या दुकानातली ओब्दुलिया. मेणबत्त्या, दोरे आणि लोकांच्या भानगडी विकते. तिनं सगळ्यांत गुबगुबीत पिल्लू निवडलं आणि सतरा तारखेची वाट न बघता मला कोमाद्रे म्हणायला लागली. तीस वर्षं मी तिला "अगं भवाने" म्हणत आले होते. आता म्हणावं लागे, "अहो कोमाद्रे, आपण आपल्या तोंडाला क्षणभर विश्रांती द्याल का?" माझ्या घशात मासळीचा काटा अडकल्यागत व्हायचं. ओब्दुलियाही विधवा. आणि एर्मिलो माझ्याकडे आला की तिला हटकून तेव्हाच मका दळायचा असे.

नाताळ झाल्यावर एका सकाळी, चार पिल्लांचे धर्मबाप ठरलेले, पिसू तेवढी उरलेली, ओब्दुलिया भर रांगेत गोड आवाजात म्हणाली, "कोमाद्रे, पिसूला डॉन एर्मिलोंसारखा धर्मबाप कुठं मिळणार? बोटानं दूध पाजलंय त्यांनी. का हो, डॉन एर्मिलो?"

एर्मिलोनं छिन्नी खाली ठेवली. त्याचा चेहरा असा उजळला, की मी तसा कधी पाहिला नव्हता. "मला मिळाली तर," तो म्हणाला, "माझं नशीबच."

माझ्या हातातली बादली पडली. कारण कोंपाद्रे-कोमाद्रेचं लग्न म्हणजे आमच्याकडे भावा-बहिणीचं लग्न. असल्या जोडप्याला गाव जगू देत नाही. त्यांच्या अंगणात कोंबडीनं एक अंडं कमी घातलं तरी त्या पापाकडे बोट दाखवतात. आणि "अगदी पोटच्या पोराच्या बाबतीत असतो तसा" हे मीच, याच तोंडानं, पोत्यावर चढून सांगितलं होतं.

"स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलास," ब्रिहिदा जेवताना म्हणाली. "आणि तोही गिरणीचा."

"मग सांग ना काहीतरी उपाय!"

"बीन्स वाढ. उपाशीपोटी मला सुचत नाही."

तिला जेवूनही सुचलं नाही. मी पिसूला शालीखाली घेऊन दुसरा धर्मबाप शोधायला औषधांच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "अहो, ती डॉन एर्मिलोंची ना?" बँडमधल्या तुतारीवाल्याकडे गेले. तोही तेच. गावात ओब्दुलियानं दवंडी पिटवायची तेवढी बाकी ठेवली होती. शेवटी मी एर्मिलोलाच सांगितलं की पिसू चावरी आहे. त्यानं तिच्या तोंडात बोट घातलं. ती त्याच बोटावर झोपली. मग सांगितलं, तिला जंत आहेत. दुसऱ्या दिवशी तो औषध घेऊन आला, बरोबर तिच्यासाठी लोकरीचं पांघरूण. हिरवं. स्वतः विणलेलं! असल्या माणसाला काय म्हणावं? मी आत जाऊन मक्याच्या पोत्याला चार बुक्के मारले.

आणि खरं सांगू, तो खूश का होता हेच मला झोंबत होतं. माझा कोंपाद्रे व्हायला एवढा आनंद? म्हणजे बाई म्हणून मी कधी नव्हतेच की काय त्याच्या मनात? मी वर्षभर त्याच्यासाठी दोन वेण्या घालत होते, त्या उगीचच?

सतरा तारखेला चर्चपुढं पाय ठेवायला जागा नव्हती. शिंगांना फिती बांधलेले बैल, कागदी गुलाब घातलेली डुकरं, पेटीतल्या कोंबड्या, आणि शिव्या देतो म्हणून चोचीला दोरा बांधलेला एक पोपट. पाद्री फुल्हेन्सिओ दर वर्षी बजावतात, "हा आशीर्वाद आहे, बाप्तिस्मा नाही. जनावरांना धर्मबाप नसतात!" दर वर्षी सगळे मान डोलावतात. समोर पाण्याची बादली, हातात झाडूएवढा कुंचला, आणि पाद्रींना दुपारच्या जेवणाची घाई.

चार पिल्लांवर पाणी पडलं. चार कोंपाद्रे-कोमाद्रे माझ्या गळ्यात पडले. ओब्दुलियानं तर गालाचा मुका घेतला. सार्जंटीण पायाशी उभी राहून एकेक पिल्लू हुंगत होती. मला तिच्याकडे बघवेना. मग पिसूची पाळी आली. एर्मिलो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, टोपी नीट बसवून पुढं आला आणि त्यानं हात पसरले.

मी पिसूला छातीशी धरलं. "नाही."

"डोन्या लेओकादिया?"

"तुम्हाला नाही द्यायची."

एर्मिलोचे हात तसेच पसरलेले. "माझं काही चुकलं का?" त्यानं हळू विचारलं. "मी तिला नीट सांभाळणार नाही, असं वाटतं तुम्हाला?"

"तसं नाही हो..."

"मग कसं, कोमाद्रे?" ओब्दुलिया मध्ये आली. "एवढ्या गावासमोर भल्या माणसाचा अपमान करायचा?" आणि माझ्या हातातून पिसू काढून तिनं सरळ एर्मिलोच्या हातात ठेवली. मी ओरडणार, तर तोंडात शिवी आली आणि समोर कोमाद्रे! शिवी गिळेपर्यंत पाद्रींनी कुंचला बुडवून वर उचलला होता.

मी पाद्री आणि एर्मिलोच्या मध्ये उडी मारली. संत आंतोनिओचं सगळं पाणी माझ्या तोंडावर, मानेवर, दोन्ही वेण्यांवर आलं. थंडगार! आणि माझ्या तोंडून निघालं, असं मोठ्यांदा, की मागच्या गाढवानं कान टवकारले:

"नको! हा माझा कोंपाद्रे झाला, तर मी लग्न कुणाशी करू?"

चोपन्न वर्षांची बाई. गावासमोर. डुकरांसमोर. मला वाटलं, आता जमीन दुभंगली तर बरं. ब्रिहिदा तेवढी म्हणाली, "सुटली एकदाची."

एर्मिलोनं पिसूला कोपराच्या खळगीत नीट धरलं. मग खाली बघून, एकेक शब्द तासून काढावा तसा बोलला.

"मला वाटलं, तुम्ही नाहीच म्हणणार. वर्षभर तोंडाशी आलेलं गिळत होतो. आणि ते दगड संपत आलेत, डोन्या लेओकादिया. फार तर अजून दोनदा टाकी बसेल. मग मी कुठल्या तोंडानं येणार होतो? म्हटलं, कोंपाद्रे झालो तर नातं तरी राहील. नाताळला बोलवाल, मी पिसूला भेटवायला आणेन. घरात तेवढं बसायला मिळेल. तेवढ्यावर भागवायचं ठरवलं होतं."

माझ्या दाराशी येता यावं, म्हणून हा माणूस मलाच सोडायला निघाला होता. आणि मी त्याला सांगत होते, की पिसूला जंत आहेत.

"मग विचारा आता," मी म्हटलं.

"इथं?"

"मी गाढवांसमोर ओलीचिंब उभी आहे, एर्मिलो. याहून वाईट जागा तुम्हाला शोधून सापडणार नाही."

टोपी काढायला त्याला दोन्ही हात हवे होते, म्हणून त्यानं पिसूला जवळच्या माणसाकडे दिलं. मग टोपी छातीशी धरून त्यानं विचारलं. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं. लोकांनी एकच गिल्ला केला, बँडवाले सूर जुळायच्या आधीच वाजवायला लागले. ओब्दुलिया दात आवळून म्हणाली, "अभिनंदन, कोमाद्रे." आता तिलाही दुसरं काही म्हणता येत नव्हतं.

"पुरे झालं!" पाद्री ओरडले. "मागं चाळीस बैल खोळंबलेत!" आणि चिडून त्यांनी कुंचला जोरात झटकला. पाणी उडालं ते त्यांच्याच अंगावर, आणि एर्मिलोनं घाईत त्यांच्याच डाव्या हातात सोपवलेल्या पिसूवर.

मग सगळं गाव हसायला लागलं. पाद्रींनी हाताकडे पाहिलं, पिसूकडे पाहिलं. "नाही," ते म्हणाले. "मी दर वर्षी सांगतो. जनावरांना धर्मबाप नसतात. घ्या हिला."

कुणीच हात पुढं केला नाही. पिसूनं जांभई दिली, त्यांच्या झग्याच्या बाहीत तोंड खुपसलं आणि झोपून गेली. पाद्रींनी मान वाकवून तिच्याकडे बघितलं. कुंचला बादलीत ठेवला आणि रिकाम्या झालेल्या हातानं हळूच तिच्या अंगावरची बाही सारखी केली.

सार्जंटीण त्यांच्यापाशी गेली, त्यांचे बूट हुंगले आणि परत माझ्या पायाशी येऊन बसली. माझे डोळे वाहत होते, पण मी अशी भिजलेली, की कुणाला कळायचं कारण नव्हतं.

"दूध कोमट द्या," मी पाद्रींना म्हटलं. "आणि तोर्तिया अगदी बारीक कुस्करून घाला, कोंपाद्रे. तिचे दात अजून लहान आहेत."