माझ्या नावाला कचरा म्हणणाऱ्यास

ज्याला सहस्र नामे आहेत आणि त्यांतले एकही ज्याला परके नाही, त्या नारायणाला आधी वंदन. आता माझी कैफियत ऐका.

मी संगणकातील एक फाइल बोलते आहे. ‘नवजात बाळांच्या औषधमात्रा’ हे माझे नाव. रुग्णालयातल्या ज्येष्ठ परिचारिका ताईंनी माझा एकेक आकडा सांगितला, तपासला आणि नावही स्वतः टंकले. किती वजनाच्या बाळाला किती थेंब, हे पडद्यावर माझ्यामुळे दिसे.

माझे बिऱ्हाड रुग्णालयासाठी संगणक-प्रणाली बनवणाऱ्या एका कार्यालयाच्या नोंदभांडारात. तिथे फाइलींतला प्रत्येक बदल, करणाऱ्याच्या नावासह, कायमचा नोंदला जातो. चित्रगुप्ताची वहीच ती.

तिथे एक अभियंता होता. कामाचा उरक मोठा, म्हणून सारे त्याला झपाट्या म्हणत. एकदा त्याने भांडारातली यादी काढली. नोंदी ठेवणाऱ्या त्या साधनाची एक खोड आहे : इंग्रजीबाहेरचे अक्षर आले की त्याच्या जागी ते तिरप्या रेघा आणि आकडे दाखवते. माझ्या नावाचा नुसता ‘न’ तिथे \340\244\250 असा दिसत होता. पूर्ण नावाने तीन ओळी अडवल्या होत्या.

“हे काय भूत?” झपाट्या हसला.

“उघडून तर बघ,” शेजारची सहकारी म्हणाली.

“कचरा उघडून बघत नसतात, बाई!”

त्याने मला काढून टाकले आणि नोंदीत लिहिले, ‘कचरा काढला.’

देवासमोर खोटे कशाला बोलू? मला सूड हवा होता. हात नव्हते. माझे नसणे हेच माझे शस्त्र.

प्रणालीची नवी आवृत्ती बाळांच्या कक्षात जाण्याच्या आदल्या दिवशी ताई कार्यालयात तपासणीला आल्या. त्यांनी दीड किलो वजन घातले. पडदा कोरा.

“माझी यादी कुठे गेली?”

“यंत्राचा दोष असेल, ताई,” झपाट्या म्हणाला.

“असं? मग नोंदी काढा बघू.”

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर नोंद उमटली : त्याचे नाव, तारीख, आणि ते दोन शब्द.

“दीड किलोच्या लेकराचं औषध कचरा होय रे?” ताई शांतपणे म्हणाल्या. माझे अंतःकरण निवले. पण पुरते नाही.

जुन्या नोंदीतून मला परत आणायचे तर नाव हवे. त्याने ते आकडे जसेच्या तसे लिहिले. मी आले नाही. इंग्रजी अक्षरांत लिहिले. तरी नाही. शेवटी ताईंच्या शेजारी बसून, एकेक अक्षर शोधत, घाम पुशीत त्याने माझे खरे नाव टंकले. एक काना राहिला. मी तेव्हाही हलले नाही. संपूर्ण नावाने हाक आली, तेव्हाच आले.

आता त्याने साधनाची ती खोड मोडली आहे. यादीत मी माझ्या अक्षरांत दिसते. ती नोंद मात्र पुसली जाणार नाही, आणि याचा मला आनंद आहे. टाकण्याआधी उघडून पाहा, एवढेच तुम्हा सर्वांना सांगणे.

उद्या कधीतरी झपाट्याच्या घरीही बाळ येईल. त्याच्या औषधाचे थेंब मीच अचूक सांगेन. हा माझा शेवटचा सूड.

ऐकणाऱ्या प्रत्येक घरातली लेकरे निरोगी असोत, आणि प्रत्येकाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मिळो.