डोळ्यावरचं कुंकू

मी एक जुनी दुर्बीण आहे. चंद्र-तारे बघायची नव्हे हं, बंदुकीवरची! चिखलीच्या एका नेमबाजी क्लबात पॉइंट टू-टूची रायफल आहे, तिच्या पाठीवर माझं घर. मित्रांनो, माझ्यातून बघणाऱ्यानं श्वास रोखायचा असतो आणि मी मात्र जन्माची चुळबुळी. काय करणार, स्वभावाला औषध नाही!

कारखान्यात काचा घासून-पुसून मला घडवलं, आत केसासारखी बारीक फुली बसवली. क्लबात आले तेव्हा काय माझा थाट! पन्नास मीटरवरचा कागद मी नाकासमोर आणून ठेवायची. "मला बघू दे, मला बघू दे" म्हणून रांग लागायची. मग नव्याची नवलाई ओसरली. माझ्या काचांवरची टोपणं हरवली, ती कुणी शोधलीसुद्धा नाहीत.

दापोडीची रुपाली चाकणच्या कंपनीतली शिफ्ट संपवून सरावाला यायची. जिल्ह्याच्या सामन्याला क्लबातून एकच जण जायचा आणि तिचा नंबर दरवेळी थोडक्यात हुकायचा. यंदा निवड दसऱ्याला होती. आदल्या संध्याकाळी ती एक डबी घेऊन आली. डबीत रेड डॉट! इवलीशी काच, तिच्यात चमकणारा लाल ठिपका. ठिपका निशाणावर ठेवायचा आणि चाप दाबायचा, बस्स.

"दोन्ही डोळे उघडे ठेवून मारता येतं. काढ ते जुनं धूड," तिचा सोबती निरंजन म्हणाला.

धूड? मी? माझा नुसता तिळपापड झाला!

पण त्या दिवशी होती खंडेनवमी. क्लब सांभाळणाऱ्या दत्तोबांनी सगळ्या रायफली मांडून, झेंडू वाहून पूजा केली होती. रुपालीनं हात पुढे केला तसे ते ओरडले, "न्हाई पोरी! पुजलेलं हत्यार आज उठवायचं न्हाई."

"मामा, पण नवीन लावल्यावर नेम जुळवायला लागतो. उद्या वेळ कुठंय?"

"त्ये मला न्हाई ठावं. उद्या सकाळी काय त्ये कर."

मी झेंडूखाली तळमळत पडले. उद्या मला ठेवणार की उतरवणार?

सकाळी रुपालीनं माझ्यातून पाहिलं आणि तिचा चेहराच पडला. "सगळं धूसर दिसतंय!"

"म्हटलं नव्हतं? गेली ती कामातून," निरंजन म्हणाला.

तिनं माझे स्क्रू सोडवायला पाना उचलला. अगं, माझी पुढची काच बघ ना! पण मला कुठला आवाज? स्क्रू शोधायला तिनं रायफल वळवली, तेव्हा कुठे तिला दिसलं. दत्तोबांनी भक्तिभावानं माझ्या काचेवरच हळदकुंकू लावलं होतं.

"अगं बाई! मामा, हिच्या डोळ्यातच कुंकू?"

दत्तोबा ओशाळले आणि सदऱ्याच्या टोकानं खसाखसा पुसायला धावले.

"थांबा, चरे पडतील!" म्हणत तिनं फुंकर मारली, मऊ कुंचल्यानं कण न् कण झाडला. मग एकदा माझ्यातून, एकदा त्या डबीतल्या पाहुण्यातून तिनं निशाण पाहिलं. "याचा ठिपका अख्खं दहा गुणांचं मधलं वर्तुळ झाकतोय. जे दिसतच नाही ते मारू कसं?" तिनं डबी बंद केली. माझा जीव भांड्यात पडला.

त्या दिवशी मीसुद्धा चुळबुळ आवरली. शेवटची गोळी सुटली, कागद जवळ आला आणि निरंजनच आधी ओरडला, "जिंकलीस, भावा!"

आता पुढचं ऐका. जिल्ह्याच्या सामन्यात पन्नास मीटरशिवाय आणखी एक फेरी होती, तिच्यात जवळच्या लोखंडी पट्ट्या झटपट पाडायच्या होत्या. तिथं माझ्या फुलीत पट्टी शोधेपर्यंत वेळ संपायचा. रुपालीनं स्वतःच्या हातानं मला उतरवलं आणि रेड डॉट चढवला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मला मऊ फडक्यात गुंडाळताना ती म्हणाली, "मामा, आधी हिची टोपणं शोधा. पन्नास मीटरला हीच लागणार."

मित्रांनो, नवं की जुनं हे मागून ठरवा, आधी काम कोणतं ते बघा. आणि पुढल्या खंडेनवमीला माझी पूजा जरूर करा. फक्त कुंकू अंगाला लावा, डोळ्याला नको.